उंच गवताची दुरुस्ती

पाणी पायरीपर्यंत आलं तेव्हा तिला बरं वाटलं.

बरं वाटलं हे तिच्या लक्षात आलं ते जरा उशिरा, पाणी पायरी चढून वर गेल्यावर. तोवर ती इतरांसारखीच पडद्याकडे बघत बसली होती. बैठकीच्या खोलीतले दिवे मालवले होते. खिडकीचं एक दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे उजेडाची एक उभी पट्टी नकाशावर, नेमकी जुन्या बांधावर पडली होती आणि त्या पट्टीतून निळं पाणी आत शिरत होतं. बांध दोन ठिकाणी फोडला तर काय होईल ते संगणकावरचं मॉडेल दाखवत होतं. फोडलेल्या जागेतून भरती आत येते, जुन्या चरांतून पसरते, चर भरले की काठ ओलांडून गवतात शिरते. गवतात तिचा वेग मरतो आणि वेग मेला की पाण्यातला गाळ खाली बसतो. पाणी निळं, गाळ तपकिरी. पडद्यावर भरती एका श्वासात यायची आणि पुढच्या श्वासात जायची, आणि दर खेपेला तपकिरी रंग किंचित गडद व्हायचा. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की बांधामागची खचलेली जमीन पुन्हा वर येईल, तिथे दलदल तयार होईल, आणि वादळात समुद्र चालून आलाच तर शहराच्या आधी ती त्याला अंगावर घेईल. एवढ्यासाठी तीन वर्षं हे काम चाललं होतं. या सगळ्याच्या कडेला, कुरणाच्या टोकाशी, एक बारीक करडा चौकोन होता. ते ताईचं घर. मोठ्या भरतीचं पाणी कुरण ओलांडून आलं, पायरीला लागलं, करडा चौकोन निळा झाला, आणि उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं तसं काहीतरी तिच्या पोटात उतरत गेलं.

"एकच घर सापडतंय," साहेब म्हणाले. पाणी जिथवर पोचेल तिथवर एक लाल रेघ मारायची आणि रेघेच्या आतली घरं रिकामी करून घ्यायची, असं ठरलेलं होतं. "चला, सुटलो. मला वाटलं वीस-पंचवीस तरी निघतील."

"एकच, पण काय घर आहे साहेब!" दशांश म्हणाला. हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. कुठलाही आकडा तो तीन दशांश स्थळांपर्यंत वाचून दाखवायचा म्हणून सगळं खातं त्याला दशांश म्हणायचं, आणि त्याला ते आवडायचंही. "तिथली म्हातारी महाबिलंदर. मोजणीवाले गेले तर फाटकच उघडेना. काठी घेऊन उभी. म्हणे, आत पाय टाकाल तर तंगडं हातात देईन."

सगळे हसले. तीही हसली. तंगडं हातात देईन हे तिनं इतक्यांदा ऐकलं होतं की दशांशच्या तोंडून ते चुकीच्या सुरात आल्यासारखं वाटलं. ताई 'तंगडं'वर जोर देत नाही, 'हातात'वर देते. पण हे सांगण्यासारखं नव्हतं. तिथे तिची बहीण राहते हे खात्यात कुणालाच माहीत नव्हतं. काम सुरू झालं तेव्हा ते घर अभ्यासाच्या हद्दीत येत नव्हतं. पुढे हद्द सरकली, तेव्हा तिनं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तिला या कामावरून काढलं असतं आणि मॉडेल दशांशकडे गेलं असतं. तिनं सांगितलं नाही. आडनाव वेगळं होतं, ते सोयीचं पडलं.

मग तिच्या नजरेनं तिला न विचारता आपलं काम केलं. पाणी कुरणातून जरा जास्तच बिनबोभाट पुढे आलं होतं. चराच्या काठावरून घराकडे जाताना जमीन चढते. फार नाही, पण चढते. लहानपणी घागर घेऊन त्या चढावरून गेलं की पोटऱ्यांना ते कळायचं, आणि पोटऱ्यांना कळलेलं माणूस विसरत नाही. "इथे जमीन एवढी खाली कशी?" तिनं विचारलं.

"गवताची दुरुस्ती," दशांश म्हणाला. विमानातून लेझर सोडून जमिनीची उंची मोजतात. गवत दाट असेल तर किरण जमिनीपर्यंत पोचतच नाही, गवताच्या शेंड्यांवरून परत फिरतो, आणि मशीन शेंड्यांनाच जमीन समजतं. म्हणून जिथे उंच गवत आहे तिथे जमीन तेवढी खाली उतरवून घ्यायची. बांधाबाहेरच्या दलदलीत माणसं पाठवून जमीन खरोखर मोजली होती, तिथे ही दुरुस्ती चोख बसली होती. "बांधामागे मोजलेले बिंदू नाहीत. म्हातारीनं मोजू दिलं असतं तर असते. नकाशात ते सगळं कुरण उंच गवत म्हणून लागलंय, म्हणून सरसकट उतरवलं. शून्य पूर्णांक चार एक दोन मीटर."

तिनं तोंड उघडलं होतं. तिला ते नंतर आठवलं, की तोंड उघडलेलं होतं आणि त्यात पहिला शब्द तयार होता. ते कुरण कधीच उंच नव्हतं. बाबांच्या वेळेपासून ते कापलेलं असायचं, सापांच्या भीतीनं आधी बाबा कापायचे, मग ताई, दर पंधरा दिवसांनी, गालिच्यासारखं. उन्हाळ्यात विमान गेलं त्या दिवशीही ताई कापत होती, संध्याकाळी तिनं फोनवर कुरकुर केली होती, "मेलं विमान दिवसभर डोक्यावर घिरट्या घालत होतं, आणि मी खाली यंत्र ढकलतेय घामाघूम. वरून बघणाऱ्याला वाटलं असेल, ही बाई काय येडी आहे." लेझरनं मोजलेली उंची शेंड्यांची नव्हती, जमिनीचीच होती. दशांशनं खरी जमीन हातभर पुरून टाकली होती आणि त्या खड्ड्यातून पाणी ताईच्या दारापर्यंत आणलं होतं.

"मंगळवारी मी बांधावरून फोटो काढून आणतो," दशांश म्हणाला. "गवत उंच दिसलं तर दुरुस्ती ठेवायची, नाही दिसलं तर काढायची. फाटकाबाहेरून दिसतं ना, म्हातारीचे पाय धरायची गरज नाही."

"ठीक आहे," ती म्हणाली. तयार असलेला शब्द हा नव्हता.

दुपारी तिनं आपल्या मशीनवर त्या कुरणापुरती दुरुस्ती काढली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. पाणी चरातून वर आलं, काठ ओलांडला, चढावर निम्म्यात घुटमळलं आणि मागे फिरलं. घर करडंच राहिलं. तिनं दोन्ही वेळचे आकडे खाडीच्या तोंडावरच्या भरतीमापकाशी ताडून पाहिले. दोन्ही सारखेच जुळत होते. मापक तिथून दूर, उघड्या पाण्यात. त्याला एका कुरणाचं काय सोयरसुतक असणार! मॉडेलला विचारून काही ठरणार नव्हतं. बाहेर कुणीतरी जिन्यावरून मोठमोठ्यानं बोलत उतरत होतं, शेजारच्या टेबलावर एकजण डबा धुऊन पालथा घालत होता, आणि ती त्या करड्या चौकोनाकडे बघत विचार करत होती, की ताई या वेळी काय करत असेल. दुपारी ताई कधी आडवी होत नाही. दुपारी झोपणाऱ्या माणसांची तिला किळस होती. धाकटी दुपारी पुस्तक छातीवर घेऊन डुलकी काढायची तेव्हा ताई पुस्तक अलगद उचलून घ्यायची आणि मग पेला जमिनीवर आपटायची. आई गेली तेव्हा ताई वीस वर्षांची होती आणि ही आठ. कुणी तिला सांगितलं नव्हतं की तुला आता आई व्हायचंय. पण कुणी सांगितलं नव्हतं म्हणूनच बहुधा ती झाली नाही, दुसरंच काहीतरी झाली, ज्याला नाव नव्हतं आणि ज्याच्यापासून सुटीही नव्हती.

त्याच वर्षी ती बांधाच्या पलीकडे चिखलात रुतली. ओहोटी होती, एक चप्पल चिखलात गेली होती आणि ती काढायला ही उतरली. पाय गुडघ्यापर्यंत गेला, मग दुसरा. ताई बांधावर आली, हाताची घडी घालून उभी राहिली. "ओढू नकोस," ती वरून म्हणाली. "ओढशील तेवढी रुतशील. आडवी हो चिखलावर." आडवी व्हायचं धाडस तिला होत नव्हतं. ती रडत होती आणि ओढत होती. भरती चरातून आली, आधी बोटभर, मग मांडीपर्यंत, मग तिच्या कमरेशी. ताई हलली नाही. तिचा चेहरा दिसत नव्हता, मागे ऊन होतं, फक्त घडी घातलेले हात दिसत होते. पाणी छातीला लागल्यावर ती खाली उतरली, एका झटक्यात हिला उपटून काढलं आणि काखोटीला मारून बांधावर नेलं. "कळलं आता?" एवढंच म्हणाली. पुढे कितीतरी वर्षं घरी कुणी आलं की ताई ते नकलेसकट सांगायची, हिच्या रडण्याचा आवाज काढून, आणि पाहुणे डोळे पुसत हसायचे.

कॉलेजात चिखलाचं शास्त्र शिकताना तिला कळलं की पाणी ओसरलेल्या चिखलात रुतलेला पाय ओढला की खाली पोकळी होते आणि चिखल पायाला चोखून धरतो. वर पाणी आलं, ते चिखलात मुरलं, की पकड सुटते. म्हणजे पाणी येईपर्यंत थांबणं हेच बरोबर होतं. आधी उतरली असती तर दोघीही अडकल्या असत्या. पुस्तकातलं ते पान वाचताना तिला इतका संताप आला की तिनं पुस्तक मिटून टाकलं. ताई निष्ठुर होती हे तिला सहन झालं असतं. ताई बरोबर होती! प्रत्येक वेळी, दरवेळी, वाट्टेल तिथे ती बरोबर निघायची. बाबा गेले तेव्हाही. शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती, ताईनं कळवलंच नाही. परीक्षा संपवून ही घरी गेली तर बाबांची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली. तिनं खाटेकडे बघितलं, मग ताईकडे. "सांगितलं असतं तर आली असतीस," ताई भांडी विसळत म्हणाली. "आली असतीस तर नापास झाली असतीस. मग?" निकाल लागला, ती पहिली आली होती. पाण्याच्या प्रवाहाचा पेपर तिनं बाबा जाऊन आठवडा झालेला असताना लिहिला होता, आणि उत्तम लिहिला होता, आणि तो उत्तम लिहिला गेला याबद्दल ती ताईला कधीच क्षमा करू शकली नाही.

संध्याकाळी तिनं मॉडेलची दुसऱ्यांदा चालवलेली फेरी मशीनवरून पुसून टाकली. मनाशी म्हणाली, रविवारी जाऊन ताईला सांगू, फाटक उघड, मोजू दे त्यांना. एवढं सांगितलं की झालं. सांगणं सोपं होतं. किंबहुना तेवढ्यासाठीच ती जाणार होती. रविवारी बसमध्येही ती तेच वाक्य जुळवत होती.

बांधावरून उतरतानाच तिला दिसलं, आणि क्षणभर आपण चुकीच्या जागी उतरलो असं वाटलं. कुरण नव्हतंच. गवत होतं. फाटकापासून घरापर्यंत, तिच्या कमरेच्या वर, पिवळट, वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं. आणि त्याच्यामागे घर कुणीतरी अर्धं मातीत दाबल्यासारखं दिसत होतं.

फाटक उघडायला ताईला वेळ लागला. ती काठी टेकत आली. म्हणजे मोजणीवाल्यांवर उगारलेली ती हीच, ती उगारायची म्हणून हातात नव्हती.

"ये. वाट चुकलीस वाटतं."

"गुडघ्याला काय झालं?"

"काही नाही झालं. गुडघ्याचं वय झालं, माझं नाही. वाळलीस किती! हापिसात खायला घालत नाहीत का?" ताई पुढे चालत होती. गवतातून एक माणूस जाईल एवढीच पाऊलवाट उरली होती. "बघ, कसं रान माजलंय. पावसाळ्यापासून यंत्र ढकलवत नाही. तू आलीस ते बरं झालं, नाहीतर कापून झाल्यावर आली असतीस आणि मी कशात दिवस काढले ते तुला कळलंच नसतं."

घरात सगळं जागच्या जागी होतं. ताईनं तिला खुर्ची दिली नाही, खुर्चीकडे बोट दाखवलं. मग तिच्याकडे पाठ करून चहा ओतायला लागली. जुळवलेलं वाक्य तिच्या तोंडात होतं. "ताई, मोजणीवाले आले होते ना? तू त्यांना आत का नाही घेतलंस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कळलं."

"आत घेऊ? ते चिखलाचे बूट घेऊन? पोरं होती दोन. म्हणाली, बाई, तुमची जमीन मोजायची आहे. म्हटलं, माझी जमीन मोजायची तर माझी धाकटी येऊन मोजेल. ती तुमच्यापेक्षा मोठी इंजिनिअर आहे. तिला पाठवा, नाहीतर चालू लागा." ताईनं कप तिच्यापुढे ठेवला, बशीत सांडलेलं बोटानं निपटलं. "हसली मेली. वाटलं असेल म्हातारी थापा मारतेय. तंगडं हातात देईन म्हटल्यावर गेली."

ती चहा प्यायली. चहात साखर जास्त होती, लहानपणी तिला लागायची तेवढी. आता ती बिनसाखरेचा प्यायची, पण ताईला ते कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, आता सांगितलं पाहिजे. चहाचं नव्हे, फाटकाचं. तिनं ताईच्या तोंडाकडे बघितलं. तोंड लहान झालं होतं, हनुवटीशी दोन पांढरे केस आले होते, पण ओठ तसेच मिटलेले, बांधावरच्या त्या हातांच्या घडीसारखे. ही बाई माझी वाट बघत फाटक बंद करून बसली, तिच्या मनात आलं, आणि त्याबरोबरच दुसरं मनात आलं, की म्हणजे यातही ती बरोबरच निघणार. मी येणार, मोजणार, जमीन उंच निघणार, घर वाचणार. पाहुणे येतील तेव्हा ती हेही सांगेल, नकलेसकट. म्हटलं, माझी धाकटी येऊन मोजेल. आणि आली की नाही?

"उद्या एक माणूस येतोय कापायला," ताई म्हणाली. "यंत्र घेऊन. संध्याकाळपर्यंत सगळं लख्ख करून देतो म्हणालाय. रस्त्यावरून जाणारे-येणारे बघतात ना, म्हणत असतील, थकली."

उद्या सोमवार. मंगळवारी दशांश बांधावर उभा राहील, कापलेलं कुरण बघेल, आपली चूक त्याला लगेच कळेल. दुरुस्ती काढेल, लाल रेघ घराच्या अलीकडे सरकेल. तिला फाटकाबद्दल बोलायचीसुद्धा गरज नव्हती. तिनं काहीही करायला नको होतं. चहा संपवायचा आणि जायचं. इतकं सोपं झालेलं बघून तिला अचानक हात रिकामे झाल्यासारखं वाटलं.

"कशाला कापतेस?" ती म्हणाली. "राहू दे."

"काय?"

"गवत. राहू दे ना. छान दिसतंय."

"छान?" ताई हसली. "डोकं फिरलं का तुझं? साप होतील."

"सापांचं काही नाही. गवत असलेलं चांगलं असतं." तिचा आवाज नेहमीचा होता, बैठकीतला. "गवतात पाण्याचा वेग कमी होतो. गाळ धरून राहतो. जमीन हळूहळू वर येते. खाडीच्या काठची जमीन आपोआप खचत असते, ताई. गवत असलं तर ती टिकते. कापलं की उघडी पडते." यातला शब्द न् शब्द खरा होता. ती हे शिकवूही शकली असती, शिकवलंही होतं.

"पण इथे पाणी कुठाय? पाणी बांधाच्या पलीकडे."

"आहे पलीकडे. पण कधी आलंच तर."

ताईनं खिडकीतून बाहेर बघितलं. गवतावरून वारा गेला, पूर्ण एक लाट घरापर्यंत येऊन मोडली. ताई गुडघ्यावर हात फिरवत राहिली. तिला कसला तरी हिशोब लागत नसावा, किंवा गुडघा दुखत असावा.

"तुझ्या पुस्तकात आहे हे असं?"

"मीच लिहिलंय."

"हं," ताई म्हणाली. मग काठी घेऊन उठली, भिंतीवरच्या फोनपाशी गेली, नंबर फिरवला आणि ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तशी ओरडून बोलायला लागली. "उद्या येऊ नकोस. अरे, उद्या येऊ नकोस म्हणतेय! कापायचं नाही... का म्हणजे? माझी धाकटी आलीय. ती म्हणते राहू दे. इंजिनिअर आहे ती, तिला कळतं त्यातलं. तुला कळतं का? मग झालं."

तिनं फोन ठेवला, भिंतीचा आधार घेत वळली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी नवीन होतं, जे धाकटीनं तिथे कधी पाहिलं नव्हतं आणि जे ओळखायला तिला वेळ लागला. ताईनं तिचं ऐकलं होतं. ऐकून तिला हलकं वाटत होतं.

"झालं समाधान?" ताई म्हणाली.

"हो," ती म्हणाली.